जमिनीत लोखंड किलोने, तरी केळीला केवडा! खानदेशच्या काळ्या मातीत सिलिका नेमकं करते काय?

रावेर-यावल पट्ट्यातल्या एखाद्या केळीच्या बागेत कधीकधी एक विचित्र दृश्य दिसतं. खालची जुनी पानं हिरवीगार असतात, पण पोंग्यातून नुकतंच बाहेर पडलेलं पान पिवळट. शिरा तेवढ्या हिरव्या, मधला भाग पिवळा. शेतकरी याला एका शब्दात सांगतात, केवडा पडलाय. कारण असतं लोहाची कमतरता.

आता गंमत बघा. ही जमीन ज्या काळ्या दगडापासून, म्हणजे बेसाल्टपासून बनली, तो दगड लोखंडाने भरलेला आहे. एक किलो काळ्या मातीत साधारण 50 ग्रॅमच्या आसपास लोह सहज निघतं. 50 ग्रॅम म्हणजे 50,000 मिलिग्रॅम. आणि मृदा आरोग्य पत्रिकेवर लोहाच्या रकान्यात जो आकडा येतो, तो किलोमागे 4.5 मिलिग्रॅमच्या खाली गेला की जमिनीत लोह कमी आहे असं धरतात.

म्हणजे गोदाम भरलेलं, पण रेशन दुकानात माल नाही.

असं का होतं याचं पाठ्यपुस्तकी उत्तर आहे चुनखडी आणि सामू. ते बरोबरच आहे. पण या गोष्टीत आणखी एक पात्र आहे, ज्याचं नाव शेतीच्या गप्पांमध्ये फारसं निघत नाही. ते म्हणजे पाण्यात विरघळलेली सिलिका.

गंजाचंही वय असतं

आधी लोखंडाचं बघू. लोखंड दगडातून सुटलं, हवा-पाण्याच्या संपर्कात आलं की त्याचा गंज होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण गंज ही एकच वस्तू नाही. त्याला बालपण आहे आणि म्हातारपणही आहे.

सगळ्यात आधी तयार होतो तो फेरीहायड्राइट. तांबूस-तपकिरी, चिकट गाळासारखा. बोअरचं पाणी बादलीत भरून ठेवल्यावर तळाशी जो मऊ तांबडा साका बसतो, तो बहुतेक हाच. याचे कण इतके बारीक असतात की मिलिमीटरच्या एका रेषेत लाखभर तरी मांडता येतील. कण बारीक म्हणजे पृष्ठभाग प्रचंड. एक ग्रॅम फेरीहायड्राइटचा पृष्ठभाग 200 चौरस मीटरच्या वर जातो. एका चिमटीत अख्खा बंगला पसरलेला आहे असं समजा.

पण या अवस्थेत तो टिकत नाही. त्याच्या आत अणूंची मांडणी विस्कळीत असते. वेळ मिळाला की तो नीट स्फटिकात बसायला बघतो, आणि त्यासाठी त्याच्यासमोर दोन वाटा असतात.

पहिली वाट गोथाइटची. जर्मन कवी गटेच्या नावावरून या खनिजाला नाव मिळालं. त्या गृहस्थाला खनिजांचा भलता नाद होता. गोथाइटचा रंग पिवळा-तपकिरी. आपली पिवळी माती पिवळी असते ती याच्यामुळे. फेरीहायड्राइट आधी थोडा थोडा पाण्यात विरघळतो आणि मग त्यातूनच गोथाइटचे सुईसारखे स्फटिक नव्याने वाढतात. जुनं घर पाडून त्याच विटांनी नवं बांधावं तसं.

दुसरी वाट हेमाटाइटची. रंग लाल. गेरूचा लाल रंग हाच. इथे घर पाडायची गरज पडत नाही. फेरीहायड्राइटचे कण एकमेकांना चिकटतात, आतलं पाणी सोडतात आणि जागच्या जागी मांडणी बदलतात.

कोणती वाट घेतली जाईल हे तापमान, सामू आणि ओलावा यांवर ठरतं. जर्मन मृदाशास्त्रज्ञ उडो श्वेर्टमन आणि एन्व्हर मुराद यांनी फेरीहायड्राइट वेगवेगळ्या सामूच्या पाण्यात, 24 अंश तापमानाला, तीन वर्षांपर्यंत ठेवून दिला आणि 1983 मध्ये निकाल छापले. सामू 7 ते 8 च्या दरम्यान हेमाटाइट सगळ्यात जास्त तयार झालं, तर खूप आम्ल किंवा खूप अल्कधर्मी पाण्यात गोथाइटचा जोर होता. तीन वर्षं एका बाटलीवर लक्ष ठेवणं हाही एक प्रकारचा संयमच म्हणायचा.

एकदा गोथाइट किंवा हेमाटाइट तयार झालं की विषय संपला. दोन्ही अतिशय हट्टी खनिजं आहेत, सहजासहजी विरघळत नाहीत. ताजा फेरीहायड्राइट त्यांच्यापेक्षा शेकडो ते हजारो पटींनी जास्त विद्राव्य असतो. पिकाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. फेरीहायड्राइट म्हणजे बचत खातं, गोथाइट-हेमाटाइट म्हणजे पन्नास वर्षांची मुदत ठेव.

पाकात लिंबू पिळावं तसं

इथे सिलिका येते.

दिवाळीत पाक करताना घरातली जाणती बाई त्यात दोन थेंब लिंबू पिळते. का? नाहीतर पाकाची पुन्हा साखर होते. लिंबातल्या आम्लामुळे थोड्या साखरेचे तुकडे पडतात, आणि हे वेगळ्या आकाराचे तुकडे साखरेच्या कणांना नीट रांगेत बसू देत नाहीत. स्फटिक वाढायला लागला की कुणीतरी मध्येच कोपर मारतं.

फेरीहायड्राइटच्या बाबतीत हे कोपर मारायचं काम विरघळलेली सिलिका करते. रासायनिक वाट वेगळी आहे, पण परिणाम ओळखीचा.

विरघळलेली सिलिका म्हणजे वाळू नाही. वाळूतली सिलिका दगडात घट्ट बांधलेली असते. पाण्यात असते ती सुटी सिलिका: एक सिलिकॉनचा अणू आणि त्याभोवती चार हात. तिला रंग नाही, चव नाही, वास नाही. पाणी उकळून ती जात नाही. हे सुटे रेणू फेरीहायड्राइटच्या पृष्ठभागावर जाऊन लोखंडाच्या अणूंचा हात पकडतात. संख्या वाढली की ते एकमेकांनाही धरतात आणि कणाभोवती पातळ जाळी तयार होते.

याचे परिणाम दोन. कण विरघळायचा मंदावतो, म्हणजे जुनं घर पाडायचं काम अडतं. आणि जे थोडं लोह सुटून बाहेर येतं, त्यातून गोथाइटचा पहिला स्फटिक जुळायलाही सिलिका आडवी येते, म्हणजे नव्या घराचा पायाही रखडतो. रोशेल कॉर्नेल, रुडॉल्फ जिओव्हानोली आणि पॉल शिंडलर यांनी 1987 मध्ये अल्कधर्मी द्रावणात हेच दाखवून दिलं.

सिलिका नसेल तर प्रयोगशाळेत 70 अंशांवर, भरपूर अल्कली घातलेल्या पाण्यात, अडीच दिवसांत फेरीहायड्राइटचं गोथाइट करता येतं. गोथाइट बनवायची ती नेहमीची कृतीच आहे. त्यात सिलिका टाकली की हेच काम लांबत जातं. शिवाय गोथाइटची वाट जास्त अडते, त्यामुळे जे काही रूपांतर होतं त्यात हेमाटाइटचा वाटा वाढतो.

आणखी एक तपशील खानदेशसाठी महत्त्वाचा. सिलिका लोखंडाच्या गंजाला सगळ्यात जास्त चिकटते ती सामू 9 च्या आसपास. खानदेशातल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींचा सामू 8 ते 8.5 च्या घरात असतो. म्हणजे परिस्थिती सिलिकेच्या सोयीची.

पण खानदेशात एवढी सिलिका आली कुठून?

उत्तर पायाखाली आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर साचले. त्या बेसाल्टमध्ये वजनाने जवळपास निम्मा भाग सिलिका असते. आणि हा दगड ग्रॅनाइटसारखा चिवट नाही; त्यातली खनिजं आणि ज्वालामुखी काच पावसाच्या पाण्याने तुलनेने लवकर झिजतात. झिजताना सिलिका पाण्यात उतरते. बेसाल्टमधल्या भूजलात लिटरमागे 20 ते 60 मिलिग्रॅम सिलिका असणं ही नेहमीची गोष्ट आहे, तर जगभरातल्या नद्यांची सरासरी 10 मिलिग्रॅमच्या आसपास येते.

पुरावा हवा असेल तर सावद्याच्या खाणींची आठवण काढा. जळगाव जिल्ह्यातल्या दगडखाणींतून निघालेले स्टिल्बाइट आणि अपोफिलाइटचे स्फटिक जगभरातल्या संग्राहकांकडे 'जळगाव' या चिठ्ठीसह पोचले आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे नमुने बघायलाही मिळतात. हे स्फटिक म्हणजे लाव्हात राहिलेल्या पोकळ्यांमध्ये सिलिकायुक्त गरम पाणी खेळत राहिलं आणि त्यातून खनिजं साचत गेली, त्याचा हिशेब. शेतात नांगराला लागणाऱ्या पांढऱ्या गारगोट्या आणि अकीक हेही त्याच घराण्यातले.

दगड एकच, मग महाबळेश्वर लाल आणि जळगाव काळं कसं?

हा प्रश्न खरं तर शाळेतच पडायला हवा. महाबळेश्वर-पाचगणीचं पठारही याच बेसाल्टचं. तिथली माती लाल, वर जांभ्याचं टोपण. जळगावात मात्र काळी कसदार.

फरक आहे पाण्याचा, आणि ते पाणी सिलिकेला कुठे नेतं याचा. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. लाखो वर्षं असं पाणी डोंगरमाथ्यावरून निथळत राहिलं की सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं धुऊन जातं. मागे राहतं ते न विरघळणारं लोह आणि ॲल्युमिनियम. अडवणारी सिलिका नाही, वेळ हवा तेवढा. लोखंडाचा गंज निवांतपणे म्हातारा होतो: गोथाइट आणि हेमाटाइट. तोच जांभा.

जळगावला पाऊस साधारण 700 मिलिमीटर, धुळ्याकडे त्याहून कमी. एवढ्या पावसात सिलिका पूर्ण धुऊन जात नाही. उलट सातपुडा आणि अजिंठ्याच्या उतारांवरून निघालेली सिलिका आणि कॅल्शियम खाली तापीच्या खोऱ्यात येऊन थांबतं. तिथे त्यांची स्मेक्टाइट नावाची चिकणमाती बनते. पावसात फुगणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडणारी. या मातीच्या पापुद्र्यांतही बरंच लोह अडकून बसतं. ते गंज व्हायला मोकळंच नसतं. जे मोकळं असतं, त्याच्यावर सिलिकेचा पहारा.

याची छोटी आवृत्ती एकाच गावाच्या शिवारातही दिसते. टेकडीवर तांबूस मुरमाड हलकी जमीन आणि खाली नाल्याकाठी काळी भारी जमीन. वर निचरा चांगला म्हणून सिलिका निघून जाते, खाली साचते.

काळा रंग नुसता लोखंडाचा खेळ नाही, हेही सांगायला हवं. या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्याही आत असतो, पण जो आहे तो चिकणमातीला इतका घट्ट बिलगलेला असतो की थोडक्यात गडद रंग चढतो. लाल गंजाचं प्रमाण कमी असल्याने तो झाकलाही जात नाही.

अजिंठ्याच्या भिंतीवर तिघं एकत्र

जळगावहून साधारण तासा-दीड तासावर असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांत ही सगळी मंडळी रंग म्हणून भेटतात. लाल रंग हेमाटाइटच्या गेरूचा, पिवळा गोथाइटच्या मातीचा. आणि हिरवा? तो हिरव्या मातीचा. अशा मातीत लोखंड आणि सिलिका एकाच स्फटिकात बांधलेले असतात. दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांना अशा हिरव्या खनिजाचं अस्तर अनेकदा असतं.

पिवळी माती तव्यावर चांगली तापवली, साधारण 300 अंशांपर्यंत, की ती लाल होते. गोथाइटमधलं पाणी उडतं आणि हेमाटाइट उरतं. कुंभाराच्या आव्यात मडकं लालभडक होतं त्यामागेही मुख्यतः हेमाटाइटच असतं. दख्खनच्या घाटांत रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात काळ्या थरांच्या मध्ये जे लालभडक पट्टे दिसतात, त्यांच्याबद्दलही असाच एक अंदाज आहे: लाव्हाच्या एका थरावर माती तयार झाली आणि वरून दुसरा लाव्हा आल्याने ती भाजली गेली. काही अभ्यासक भाजण्यापेक्षा झिजेला जास्त महत्त्व देतात. सिलिका मात्र भट्टीतही पिच्छा सोडत नाही. तिने वेढलेला फेरीहायड्राइट लाल व्हायला शुद्ध फेरीहायड्राइटपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते.

जाता जाता, मंगळ लाल का, याच्या उत्तरातही आता फेरीहायड्राइटचं नाव आलं आहे. त्या ग्रहाची धूळ हेमाटाइटची आहे असं बराच काळ मानलं जायचं. 2025 मध्ये एडोमास व्हॅलांटिनास आणि सहकाऱ्यांनी ती फेरीहायड्राइटची असल्याचं मांडलं. त्यांनी त्यासाठी बारीक दळलेल्या बेसाल्टमध्येच फेरीहायड्राइट मिसळून पाहिला होता.

मग केवड्याचं काय?

आता परत केळीच्या बागेत. केवडा दिसला की पहिला उपाय म्हणून शेतकरी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, जमिनीत टाकतो. चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा पिवळं.

कारण सामू 8 असलेल्या ओल्या, हवेशीर मातीत हिराकशीतलं विरघळलेलं लोह काही मिनिटांतच गंजायला लागतं. थोड्याच वेळात त्याचा फेरीहायड्राइट झालेला असतो. पैसे खर्चून मातीत आणखी थोडा गंज घातला, एवढंच. आधीच किलोमागे 50 ग्रॅम असलेल्या ठिकाणी.

सिलिकेमुळे हा गंज लगेच गोथाइट किंवा हेमाटाइट होत नाही, ही त्यातल्या त्यात चांगली बाजू. खातं पूर्ण गोठत नाही. भुईमूग-हरभऱ्यासारख्या पिकांची मुळं आम्ल सोडून, तर ज्वारी-गव्हाची मुळं लोखंड पकडणारे खास पदार्थ सोडून त्यातलं थोडं लोह ओढू शकतात. पण चुनखडी असलेल्या जमिनीत मुळांनी सोडलेलं आम्ल चुनाच खाऊन टाकतो. बचत खातं आहे, पण एटीएमबाहेर रांग आहे आणि दर वेळी पुढचा माणूस नंबर लावून उभा.

म्हणून लोह मातीत न टाकता पानातून देणं जास्त उपयोगी पडतं: हिराकशीची 0.5 टक्के, म्हणजे 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम, अशी फवारणी. जमिनीतूनच द्यायचं असेल तर हिराकस चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून मुरवून देतात, म्हणजे सेंद्रिय आम्लं लोह धरून ठेवतात आणि ते लगेच गंजत नाही. दुकानातलं चिलेटेड लोह घ्यायचं तर डब्यावरचं नाव वाचावं. ईडीटीए प्रकारचं चिलेट सामू 7 च्या पुढे लोह सोडून देतं. चुनखडीच्या जमिनीत टिकतं ते ईडीडीएचए प्रकारचं, पण ते महाग. दोन्ही डब्यांवर मोठ्या अक्षरात 'लोह' एवढंच ठळक दिसतं, खाली बारीक अक्षरात खरा फरक असतो.

पाणी तुंबलेल्या भागात चित्र आणखी वेगळं. हवा न मिळाल्याने जिवाणू गंजातून लोह पुन्हा विरघळवतात. पाणी उतरलं की ते परत गंजतं, नवा कोरा फेरीहायड्राइट तयार होतो. विरघळलेलं लोह आसपास असेल तर फेरीहायड्राइट एरवी तासा-दिवसांत म्हातारा होऊ शकतो. सिलिका इथेही ब्रेक लावते.

स्फुरदाच्या बाबतीतही सिलिका हात घालते. फेरीहायड्राइटच्या ज्या जागांना स्फुरद चिकटतं, त्याच जागांवर सिलिकाही हक्क सांगते. त्यामुळे थोडं स्फुरद मोकळं राहतं. खानदेशी जमिनीत स्फुरद अडवण्यात कॅल्शियमचा हात मोठा, म्हणून याचा फार गाजावाजा करण्यात अर्थ नाही. पण याच जागांच्या भांडणाचा वाईट परिणाम बंगालच्या खोऱ्यात दिसतो. तिथे आर्सेनिक काढायला लोखंडाच्या गंजाचे फिल्टर वापरतात, आणि पाण्यात सिलिका जास्त असली की ती आर्सेनिकच्या जागा बळकावते. फिल्टर लवकर निकामी होतो.

ठिबकच्या नळीतला तांबडा गाळ

जळगाव म्हणजे ठिबक, त्यामुळे हेही सांगून टाकलेलं बरं. ज्या बोअरच्या पाण्यात विरघळलेलं लोह असतं, ते पाणी वर येतं तेव्हा स्वच्छ दिसतं. हवा लागली की त्यात तांबडे कण धरतात. पाण्यात सिलिका भरपूर असेल तर हे कण मोठे होऊन तळाला बसत नाहीत, बारीकच राहून तरंगत राहतात. शहरांच्या पाणीपुरवठ्यात काही ठिकाणी हाच गुण मुद्दाम वापरतात: पाण्यात क्लोरिनसोबत सोडियम सिलिकेट टाकलं की लोह गाळ न होता अदृश्य तरंगत राहतं आणि नळाला लाल पाणी येत नाही.

ठिबकला मात्र हा गुण नडतो. बारीक कण फिल्टरमधून निसटतात, लॅटरलमध्ये पोचतात आणि तिथे लोहावर जगणाऱ्या जिवाणूंच्या बुळबुळीत थरात अडकून ड्रिपरचं तोंड बंद करतात. अशा पाण्यासाठी नुसता जाळीचा फिल्टर पुरत नाही. पाणी आधी टाकीत उंचावरून पाडून हवा द्यायची, लोह गंजू द्यायचं, थांबू द्यायचं आणि मग वाळूच्या फिल्टरमधून घ्यायचं, हा क्रम लागतो.

साचलेला गाळ आम्ल सोडून धुवायचा तर तो ताजा असतानाच. फेरीहायड्राइट आम्लात बऱ्यापैकी लवकर विरघळतो. हंगाम संपल्यावर नळ्या गुंडाळून उन्हात टाकल्या, आतला गाळ वाळून कडक झाला, की तेच आम्ल दुप्पट वेळ ठेवूनही पुरेसं काम करत नाही. नळ्या धुवायच्या त्या गुंडाळण्याआधी.